कौतिक रंगाऱ्याचा माठ

माझी नातसून रजनी नेपानगरला क्वार्टरात राहते. गेल्या महिन्यात तिने झोपायच्या खोलीला निळा रंग दिला आणि मला पत्र लिहिलं की, आजी, निळ्या रंगाने मन शांत होतं असं एका मासिकात आलंय, चार दिवस येऊन राहा. मी गेले. त्या खोलीत एक अख्खी दुपार बसून पाहिली. मन काही शांत झालं नाही. उलट मला मनकर्णा आठवली, आणि मनकर्णा आठवली की इतकी वर्षं झाली तरी माझ्या छातीत एक बारीक कळ उठते. वैद्याला दाखवली होती. तो म्हणाला, पित्त आहे. पित्त नव्हे, ते लुगडं आहे.

सन चौतीसच्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही तेव्हा बऱ्हाणपुरात राजपुऱ्यात राहत होतो. हे कचेरीत दुय्यम कारकून होते. शेजारच्या घरात सुधाकर मास्तर आणि त्यांची बायको मनकर्णा. दोन्ही घरांत एकच भिंत, त्यामुळे त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका आम्हाला लागायचा. मनकर्णा माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पोळी माझ्याहून जास्त गोल लाटणारी, आणि कुणी तिची स्तुती केली की खाली मान घालणारी. मला त्या मान घालण्याचाच जास्त राग यायचा. माणसाने स्तुती ऐकावी तर सरळ ऐकावी.

तुळशीच्या लग्नाला ती नवी चंद्रकळा नेसून आली. आता काळी चंद्रकळा मीही पाहिली होती, पेटीत माझीही एक होती. पण हिची काळी नव्हती. निळीत इतक्या वेळा बुडवलेली की काळी वाटावी, आणि ती वळली की दिव्याच्या उजेडात आतून निळं काही तरी हलावं. राजघाटावर दिवेलागणीला तापीच्या डोहाकडे पाहिलं की पाणी जसं दिसतं, तसं. तुळस बाजूलाच राहिली. सगळ्या बायका लुगड्याचा पदर चिमटीत धरून पाहू लागल्या.

"कुठून गं आणलंस?"

"आपल्या कौतिक रंगाऱ्याकडून," असं म्हणून तिने खाली मान घातली.

मी म्हटलं, "छान आहे हो." एवढे तीन शब्द काढायला मला विहिरीतून चार घागरी ओढण्याइतके श्रम पडले.

आजच्या मुलींना हे हास्यास्पद वाटेल. त्या सकाळी एक रंग नेसतात, संध्याकाळी दुसरा. आमच्या वेळी बाईने रंग निवडायचा नसे, रंग तिच्याकडे चालत येई. हळदीला पिवळा, डोहाळजेवणाला हिरवा, आणि कपाळ पांढरं झालं की आमच्यात लाल आलवण, ते मरेपर्यंत. माझ्या सासूबाई अठरा वर्षं तेच नेसत होत्या. हौस म्हणून, केवळ हौस म्हणून नेसायचा रंग वर्षात एकदा, संक्रांतीला, चंद्रकळेच्या रूपाने मिळे. त्यामुळे बायका त्या एका लुगड्यात वर्षभराचं मन ओतत. मनकर्णाने तर ते तुळशीच्या लग्नापासूनच ओतायला घेतलं होतं.

शिवाय माझी अडचण साधी नव्हती. त्या वर्षी आमच्याकडे एक विशेष गोष्ट घडायची होती. दसऱ्याच्या सुमारास सोजरबाई भाजीवाली वांगी तोलता तोलता म्हणाली होती, "वहिनी, पेढे कधी देता? तुमच्या सायबाला रावसाहेब करून राहिले म्हणे सरकार. नव्या सालच्या यादीत नाव आहे."

तिला कुणी सांगितलं ते तिला आठवत नव्हतं. पण चार दिवसांत सगळा राजपुरा तेच बोलू लागला. किराणा दुकानदार पुड्या जास्त घट्ट बांधू लागला. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "अगं, दुय्यम कारकुनाला रावसाहेब करायला लागले तर सरकारला पदव्या पुरतील का?" मला हा त्यांचा विनय वाटला. माणूस मोठा होण्याआधी असंच बोलतो, असं मला वाटे. मी चांगल्या कपबशा फडताळातून खाली काढून ठेवल्या. चालताना थोडी सावकाश चालू लागले. रावसाहेबांची बायको धावत पाणी भरायला जाते हे बरं दिसत नाही.

तर आता विचार करा. संक्रांतीला हळदीकुंकू माझ्या घरी. रावसाहेबीण म्हणून पहिलंच. आणि त्यात माझ्या अंगावर चार वर्षांची विटकी चंद्रकळा, आणि समोर मनकर्णा तापीचा डोह नेसून खाली मान घालून बसलेली.

मार्गशीर्ष लागता लागता मी एक पांढरं लुगडं घेऊन कौतिककडे गेले. त्याचा कारखाना म्हणजे एक पडवी आणि जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला निळीचा माठ. त्यात निळीबरोबर चुना, गूळ आणि आणखी काय काय घालून तो आंबवत ठेवायचा. वासाची वर्णनं करणं चांगलं नाही. एवढंच सांगते की पदर नाकाला लावून मी बोलत होते आणि तरी मला वास ऐकू येत होता.

"वहिनीबाई, आज नाही होत," कौतिक म्हणाला. "माठ बिघडून गेला."

"बिघडला म्हणजे?"

"फेस मरून गेला. कपडा बुडवला तर राखेसारखा निघून राहिला." त्याने बोट बुडवून दाखवलं. "आता याला खोटी गोष्ट पाहिजे."

हे मला नवीन नव्हतं. निळीचा माठ नासला की रंगारी गावात एक थाप सोडतात, आणि ती जितके लोक खरी मानतील तितका माठ सुधारतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असे. गावात काही भलतंच पसरलं की सासूबाई म्हणत, कुणाची तरी नीळ बिघडलेली दिसते. पण ठाऊक असणं वेगळं आणि त्या वेळी ओळखू येणं वेगळं.

"मग सोड की एक."

"दोन सोडल्या," कौतिक दुःखाने म्हणाला. "असीरगडावर सात हात मिशीचा सरदार दिसला म्हणून सांगितलं. लोक म्हणाले, दिसला तर दिसला. मग तापीत दोन तोंडांचा मासा सोडला. त्याला तर पोरंही हसली. जमाना खराब आला, वहिनीबाई. लोक शहाणे होऊन राहिले." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "रंगाऱ्याची गोष्ट कोणी मानत नाही आता. घरंदाज बाईच्या तोंडची पाहिजे. मागच्या खेपेला अशीच एक मिळाली होती, मोठ्या घरची. काय चालली ती. दोन महिने माठ नुसता फुलत होता. तुम्ही देता का एखादी?"

मागच्या खेपेला कुणी दिली, हे विचारायचं मला सुचलं नाही. कारण माझी थाप तयार होती. मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. याची मला अजून लाज वाटते, थोडी.

"मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टराने शोध लावलाय," मी म्हटलं, "की निळं नेसणाऱ्या बाईचा स्वभाव सव्वा महिन्यात फिरतो. तोंड फाटतं, ती घरात उलट बोलू लागते."

कौतिकने माठाला हात जोडले. "आता हिला सोडा, वहिनीबाई."

माझा हिशेब सरळ होता. माझ्या थापेने माठ सुधारेल, मला लुगडं मिळेल, आणि मनकर्णाचं लुगडं पेटीत जाऊन बसेल. एका थापेत याहून जास्त काम कोणी करून घेतलं असेल असं मला वाटत नाही. फक्त निळं नेसणाऱ्या बायकांत उद्या मीही असणार, एवढी एकच गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. मत्सरात माणसाला शेजारचं घर फार स्पष्ट दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती थाप सोजरबाईला मेथीच्या जुडीबरोबर दिली. दुपारी थाप आमच्याच घरी परत आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. सव्वा महिन्याचे आठ दिवस झाले होते आणि डॉक्टर विलायतेचा झाला होता. तिसऱ्या दिवशी शनवाऱ्याच्या भागातून बातमी आली की एका निळ्या लुगड्यातल्या बाईने नवऱ्याच्या अंगावर पिठाचा डबा टाकला. बाईचं नाव कुणाला माहीत नव्हतं, पण डबा किती शेराचा होता ते सगळ्यांना माहीत होतं.

आणि मग लोकांना दुसरे रंगही आठवले. एकट्या निळ्यावर डॉक्टर थांबेल कसा? हिरव्याने भूक वाढते. गुलाबीने पोरं अभ्यासात मागे पडतात. पिवळा रंग सोशिक, म्हणून नव्या सुनांना पिवळं नेसवावं. लाल रंगाने संताप येतो. हे शेवटचं समोरच्या धुरपदाबाईंनी आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. बोलून झाल्यावर त्यांचं लक्ष सासूबाईंच्या आलवणाकडे गेलं आणि त्या गप्प झाल्या.

सासूबाई वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अठरा वर्षं नेसतेय. संताप येत असता तर तुमच्यापैकी कोणी उरलं नसतं."

दगा नावाच्या आमच्या परटाने कपड्यांना नीळ देणं बंद केलं. घरोघर बायकांनी त्याला दम भरला होता. आठवड्याभरात राजपुऱ्यातली सगळी धोतरं जुन्या तुपाच्या रंगाची दिसू लागली. हे तसं धोतर नेसून कचेरीत गेले, तर तिथे निराळाच गोंधळ. चपराशांना निळे कोट होते. त्यांनी कोट खुंटीला टांगले आणि बंडीवर काम करू लागले. एकाच्या बायकोने म्हणे त्याला घरातच घेतलं नव्हतं. साहेबांनी हुकूम सोडला की ही वार्ता निराधार आहे असं जाहीर करा. ते काम दुय्यम कारकुनाकडे आलं.

हे दोन रात्री घरी कागद आणून बसले. आधी प्रश्न पडला की हा विषय कुठल्या खात्याचा. सफाई खातं म्हणालं, स्वभाव आमच्याकडे येत नाही. शाळा खातं म्हणालं, बायकांचा स्वभाव तर मुळीच नाही. शेवटी 'संकीर्ण'मध्ये घातला. मग मसुदा. "निळ्या रंगाने स्त्रियांचा स्वभाव बिघडत नाही," असं ह्यांनी लिहिलं. साहेब म्हणाले, याचा अर्थ आधीच बिघडलेला असतो असा होईल. तीनदा फाडून चौथ्यांदा पास झाला.

"कुठल्या मूर्खाने हे उठवलं असेल?" हे मला विचारत. मी शेगडीत कोळसे सारत बसे. शेगडीने माझ्यावर त्या दिवसांत फार उपकार केले.

नोटीस लागली. दुर्दैवाने कचेरीत निळी शाई तेवढी होती. लोक पाच हातांवरून ती वाचायचे आणि म्हणायचे, खोटं असतं तर सरकारने लिहिलं कशाला. त्याच दिवशी कौतिकचा निरोप आला: माठ फुलला.

एक जानेवारीला मी पहाटे उठून कपबशा घासल्या. दुपारी हे वर्तमानपत्र घेऊन आले आणि जेवायला बसले. दोन भाकऱ्या झाल्या तरी बोलेनात.

"यादी आली का?" मी विचारलं.

"कसली यादी?"

"रावसाहेबांची."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर कपबशांकडे पाहिलं. मग फार हळू म्हणाले, "अगं, तू खरं मानलं होतंस?"

मी कपबशा फडताळात वर ठेवल्या आणि त्या दिवसापासून पुन्हा पूर्वीच्या वेगाने चालू लागले. राजपुऱ्यात कुणी काही म्हणालं नाही, पण किराणा दुकानदाराच्या पुड्या पुन्हा सैल झाल्या. ज्याने ही बातमी उठवली त्याच्या नावाने मी रोज संध्याकाळी दिवा लावताना काही तरी पुटपुटत असे. ते काय, ते इथे लिहिता येणार नाही.

आता उरलं होतं ते लुगडं. पदवी गेली तर गेली, निदान संक्रांत माझी व्हावी. भोगीच्या आदल्या दिवशी कौतिक स्वतः ते घेऊन आला. त्याने घडी उलगडली आणि मी ओट्यावर बसलेच.

"सात वेळा बुडवलं," तो म्हणाला. "माठातून निघताना पोपटी निघे, आणि हवेत धरलं की डोळ्यांदेखत निळं होत जाई. वहिनीबाई, एका मनकर्णाबाईंचं सोडलं तर माझ्या हातून असा रंग उतरला नाही. काय चालली हो तुमची गोष्ट. पार असीरगडापर्यंत गेली. तिथून माझी मावशी आली, तिने निळी चोळी वाटेतच टाकून दिली."

सासूबाईंनी लुगड्यावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग म्हणाल्या, "सुंदर आहे. पण गोदे, हे नेसून दारात उभी राहिलीस तर हळदीकुंकवाला चिटपाखरू येणार नाही. धुरपदाबाई घरोघर सांगत फिरतेय की सगळ्यांनी पिवळं नेसा."

मी लुगड्याकडे पाहिलं. सबंध गावाने थाप मानली म्हणून ते इतकं निळं झालं होतं, आणि सबंध गावाने मानली म्हणूनच ते मला नेसता येत नव्हतं. तक्रार करायची तर कुणाकडे? संकीर्ण खात्याकडे?

संक्रांतीला मी पिवळं नेसले. मला पिवळा रंग कधीच शोभला नाही. त्यात मी कावीळ होऊन बरी झालेली आणि अजून अशक्त असलेली दिसते. बायका आल्या त्याही पिवळ्या. ओटी भरून झाल्यावर सगळ्या रांगेने बसल्या तेव्हा माझी माजघराची खोली केळ्यांच्या वखारीसारखी दिसत होती. तिळगूळ दिला. "गोड बोला" म्हटलं. सगळ्या एकमेकींच्या स्वभावाकडे बारीक लक्ष ठेवून गोड बोलत होत्या.

सगळ्यांत शेवटी मनकर्णा आली. ती निळी चंद्रकळा नेसून आली.

धुरपदाबाईंच्या हातातला तिळगूळ तोंडापाशीच थांबला. मनकर्णाने वाकून सगळ्या थोरल्यांना नमस्कार केला, सासूबाईंना आत स्वयंपाकघरात जाऊन केला, बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली आणि खाली मान घातली. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा तिच्या पदरावर पडला होता. त्या सगळ्या पिवळ्या गर्दीत तिच्यावरून नजर निघत नव्हती. मी काढायचा प्रयत्न करून पाहिला.

शेवटी धुरपदाबाईंनी धीर केला. "मनकर्णे, घरात सगळं ठीक ना? मास्तरांना काही उलटसुलट बोललीस का?"

"मी?" मनकर्णा हसली. "दोन महिने नेसतेय, काकू. तेच वाट बघत असतात, मी कधी बोलते म्हणून."

कुणी तरी फसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. आणि मग एक हात पदराकडे गेला, दुसरा गेला. थोड्या वेळात ती महिनाभर चाललेली विलायती डॉक्टरची बातमी माझ्या माजघरात मरून पडली. "उद्याच कौतिककडे जाते," असं एक म्हणाली. "मीही येते," असं धुरपदाबाई म्हणाल्या. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून मला हाक मारली आणि हळूच म्हणाल्या, "जा, नेसून ये आता."

मी आतल्या खोलीत गेले. पेटी उघडली. लुगडं हातात घेतलं, आणि तेवढ्यात दारात मनकर्णा उभी.

"गोदावहिनी, बघू." ती जवळ आली. "आहा. कौतिकने तुमच्याकडूनही घेतली ना एक?"

"एक काय?" मी म्हटलं.

"गोष्ट हो. माठासाठी." ती अगदी साधेपणाने बोलत होती. "ती डॉक्टरची ऐकली तेव्हाच वाटलं, ही घरंदाज बाईची आहे. रंगाऱ्याला मासेच सुचतात. आणि तुमच्या घरी नवं लुगडं येतंय हे भिंतीतून ऐकू येतंच. मला राग नाही आला. माझ्या वेळी मीही दिली होती."

माझ्या हातात लुगडं होतं. ते मी खाली ठेवलं.

"कोणती?"

मनकर्णाने खाली मान घातली. मी तिला ओळखत होते त्या सगळ्या वर्षांत एवढ्या एकाच वेळी ते मान घालणं मला खरं वाटलं.

"रावसाहेबांची," ती म्हणाली. "मला वाटलं, कोणाचं नुकसान नाही, चांगलीच बातमी आहे. तुम्ही ऐकाल आणि हसाल. एक जानेवारीला तुमच्या घरात कपबशा घासल्याचा आवाज आला, तेव्हा मला कळलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, वहिनी."

बाहेर बायकांचा गलका चालला होता. तिने पुढे होऊन माझ्या लुगड्याची घडी उचलली, खिडकीपाशी नेली आणि आपला पदर तिच्याशेजारी धरला. दोन्ही निळे उन्हात एकमेकांना लागून होते. आम्ही दोघींनी वाकून पाहिलं. दोघींना एकाच वेळी दिसलं. तिचं एका छटेने अधिक गडद होतं.

मनकर्णा गेली त्याला आता सात वर्षं झाली. माझं लुगडं अजून पेटीत आहे, रंग तसूभर उतरलेला नाही. पण मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही माहीत आहे की तिचं जास्त निळं होतं. कौतिक म्हणे की तिचं एकदा जास्त बुडवलं असेल. तसं नाही. माझी थाप सगळ्या गावाने मानली, पण मनकर्णाने एक दिवसही मानली नाही. तिची मी तीन महिने मानली होती, कपबशा काढून.